लाजऱ्या पोराला 'जा, बोल' म्हणावं का?

धरमपेठचा मामा:
भाचा अकरावीत आहे. क्लासमधली एक मुलगी त्याला आवडते. दोघंही नागपूरच्या झाशी राणी चौकातून अ‍ॅक्वा लाइनची मेट्रो पकडतात, बहुतेकदा एकाच डब्यात. सात महिने झाले, हा एक शब्द बोललेला नाही. परवा तिनंच विचारलं, "फिजिक्सची टेस्ट कधी आहे रे?" याला तारीख तोंडपाठ होती, सोमवार. पण यानं मोबाइल काढला आणि खाली मान घालून काहीतरी शोधत बसला. सुभाष नगर आलं, ती उतरून गेली. संध्याकाळी माझ्याकडे येऊन रडला पोरगा.
माझं मत पक्कं आहे, त्यानं बोलायलाच पाहिजे. आज गप्प बसला तर उद्या मुलाखतीतही गप्पच बसेल. तुम्हाला काय वाटतं?

महालकर:
काहून ढकलता जी पोट्ट्याले? लाजणं काही रोग नोहे. मी पण असाच होतो, कोणाले काही बोललो नाही, माझं काही बिघडलं नाही. ह्या वयात मन एका जागी टिकत नाही. आता अभ्यास करू द्या त्याले.

बर्डीवाली ताई:
मी मुलीच्या बाजूनं बोलते. अकरावीत असताना एक मुलगा रोज माझ्या स्टॉपवर उभा राहायचा. बोलायचा काहीच नाही, नुसता बघायचा. तो लाजाळू आहे हे मला कुठून कळणार? मला भीती वाटायची. शेवटी मी वाट बदलली, शंकर नगरवरून फिरून जायला लागले. त्यानं एकदा नाव सांगितलं असतं, तर मी हो किंवा नाही म्हणाले असते आणि विषय संपला असता.
पण मामा, हेही त्याला शिकवा: नाही म्हटलं की तिथंच थांबायचं. स्पष्ट नकारानंतरही मागे मागे फिरणं 2013 पासून कायद्यानं गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे.

महालकर:
ताई, हे बरोबर बोलल्या तुम्ही. मग तर मी अजूनच म्हणतो, दूर राहू द्या त्याले.

शाळेतली समुपदेशक:
दूर राहिल्यानं लाज कमी होत नाही, दादा. मोबाइल काढल्याबरोबर त्याला हायसं वाटलं असणार. तेच हायसं वाटणं मनाला शिकवतं की पुढच्या वेळीही असंच टाळ. अशी मुलं रोज बघते मी. पण एकदम त्या मुलीपुढे उभं करणं हाही उपाय नव्हे. आधी पोहेवाल्याकडे स्वतः "तर्री जास्त टाका" म्हणू दे. मग क्लासमध्ये एक शंका विचारू दे. मग तिच्याशी, टेस्टबद्दलच. छाती धडधडणारच. ती धडधडत असतानाच बोलायचं असतं, थांबायची वाट बघत बसायचं नसतं.
आणि मामा, त्याच्या वतीनं तुम्ही काही करू नका. मित्रांच्या हातून चिठ्ठ्याही नकोत.

धरमपेठचा मामा:
ताईंचं वाचून चरकलो. तिला काय वाटत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज भाच्याला वाचायला दिलं सगळं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, तिला सोमवार सांगायचं राहिलंय."