नानांची स्ट्रेस थॅलियम तपासणी आहे, काय तयारी करावी?

प्रश्न (चोपडा, जि. जळगाव)

नमस्कार. माझे वडील ६६ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. केळीच्या बागेचे ठिबक सुरू करून घरी परतताना दोन-तीनदा त्यांची छाती भरून आली, म्हणून जळगावला दाखवले. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला निघाला, हृदयाचे पंपिंग ६० टक्के आहे. तरीही डॉक्टरांनी स्ट्रेस थॅलियम, म्हणजे ताण देऊन हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा पाहण्याची तपासणी, सांगितली आहे. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनीन वाढलेले असल्याने, डाय देऊन करायची सीटी अँजिओग्राफी त्यांनी टाळली. येत्या शनिवारी नाशिकला जायचे आहे. नानांचे गुडघे दुखतात, त्यामुळे ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालणे त्यांना जमणार नाही. शिवाय ‘किरणोत्सारी इंजेक्शन’ हे शब्द ऐकल्यापासून, परत आल्यावर दोन वर्षांच्या नातीला मांडीवर घेता येईल का, हे ते रोज विचारतात.

उत्तर (धुळे)

मी ही चित्रे घेणाऱ्या गामा कॅमेऱ्यावर तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे. नाव थॅलियमचे असले, तरी आता बहुतेक ठिकाणी इंजेक्शनमध्ये टेक्नेशियम हे द्रव्य वापरतात, ज्याची किरणोत्सारिता दर ६ तासांनी निम्मी होते. विश्रांतीचा आणि ताणाचा असे दोन्ही टप्पे मिळून साधारण १० मिलिसिव्हर्ट किरणे मिळतात, म्हणजे निसर्गातून चारेक वर्षांत मिळतात तितकी. भरपूर पाणी पिऊन वरचेवर लघवीला जावे. नातीला त्या दिवशी मांडीवर घेऊ नये, गरोदर बाईपासूनही अंतर ठेवावे. पुढे किती वेळ, ते केंद्रात विचारून घ्या.

गुडघ्यांची चिंता नको. चालता येत नसेल तर ॲडिनोसिनसारखे औषध शिरेतून देऊन हृदयाचा रक्तप्रवाह वाढवतात. ते चालू असताना चेहरा तापतो, छाती जड होते, श्वास अपुरा वाटतो आणि रुग्णाला वाटते की आता झटकाच आला. औषध थांबवताच मिनिट-दोन मिनिटांत हे सारे ओसरते. नानांना हे आधीच सांगून ठेवा, कारण न सांगितलेला माणूस फार घाबरतो.

चित्रे दोनदा घेतात, विश्रांतीची आणि ताणाची, आणि दर वेळी हात डोक्यावर ठेवून निश्चल पडावे लागते. मधुमेहात खांदे आखडलेले असतात, तेव्हा आतापासूनच सवय करून पाहावी. या चित्रांत हृदयाच्या रक्तवाहिन्या दिसत नाहीत, हृदयाच्या स्नायूला रक्त कितपत पोहोचते ते दिसते. ताणात कमी आणि विश्रांतीत पुरेसे, तर पुरवठा अडतो आहे. दोन्हींत कमी, तर बहुधा तिथे जुन्या झटक्याचा व्रण आहे.

उत्तर (अमळनेर)

माझ्या आईची ही तपासणी एकदा परत गेली. पहाटे निघालो, मालेगाव ओलांडल्यावर टपरीवर थांबलो आणि थंडीमुळे तिने अर्धा कप चहा घेतला. केंद्रात विचारले तेव्हा तिने खरे ते सांगितले आणि आम्हाला दुसरी तारीख मिळाली. चहा, कॉफी, कोला आणि चॉकलेट २४ तास आधीपासून बंद ठेवावे, हे आम्हाला कोणी ठसवून सांगितलेच नव्हते. आमच्याकडे पाहुण्यालाही आधी चहाच विचारतात, त्यामुळे आदल्या दिवशी घरातल्या सर्वांना बजावून ठेवा. बरोबर दूध आणि पोळी असू द्या. इंजेक्शननंतर काही खायला सांगतात.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. चहाचे कोणीच सांगितले नव्हते. नाना हिवाळ्यात दम लागतो म्हणून थिओफायलीनची गोळी घेतात. ती चालेल का?

उत्तर (धुळे)

हे विचारलेत ते फार बरे केले. चहा-कॉफीप्रमाणेच थिओफायलीनही ॲडिनोसिनचा परिणाम रोखते, आणि दम्याच्या रुग्णाला ॲडिनोसिन द्यावे की दुसरे औषध, हेही डॉक्टरांना ठरवावे लागते. शनिवारची वाट न पाहता आजच केंद्राला फोन करून दम्याचे सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. उपाशीपोटी मधुमेहाची कोणती गोळी घ्यायची, तेही त्याच फोनवर विचारा, आणि सगळ्या औषधांची पाकिटे पिशवीत घालून न्या.