२००६ ची निवडणूक ते २००७ चा गाझा : मधे नक्की काय घडलं?

उंबरठा
गाझाचा विषय निघाला की एक जण म्हणतो "त्यांनीच निवडून दिलं ना हमासला, भोगा आता", दुसरा म्हणतो "छे, बंदुकीच्या जोरावर घेतलं". पॅलेस्टाईनच्या संसदेची निवडणूक जानेवारी २००६ ची (त्यात हमास ही इस्लामी सशस्त्र संघटना जिंकली), गाझाचा ताबा जून २००७ चा. मधल्या दीड वर्षात काय झालं ते कोणी सरळ सांगेल का? विकिपीडियावर तारखांचा नुसता ढीग आहे. आणि हमासला मतं ४४ टक्के तर १३२ पैकी ७४ जागा कशा काय?

शिक्का_मारा
जागांचं मी सांगतो. निम्म्या जागा, म्हणजे ६६, पक्षाच्या यादीवर, मतांच्या प्रमाणात. तिथे हमास २९ आणि आधी सत्तेत असलेला फतह पक्ष २८, जवळपास बरोबरीच. उरलेल्या ६६ जागा १६ जिल्ह्यांत वाटलेल्या आणि जिल्ह्यात जितक्या जागा तितकी मतं प्रत्येकाला. आपल्याकडे साखर कारखान्याला गटातून तीन संचालक निवडायचे तर तीन शिक्के मारतो ना, तसंच. अशा निवडणुकीत ज्याचं पॅनल शिस्तीत, तो आख्खं पॅनल काढतो. हमासने हिशोबाने उमेदवार दिले आणि फतहमधे तिकीट कापलेले सगळे अपक्ष उभे राहिले, मतं फुटली. हेब्रॉनला ९ च्या ९ हमासला! जिल्ह्यांचा एकूण आकडा ४५ विरुद्ध १७. अर्थात फतहच्या भ्रष्टाचाराला लोक विटलेले होतेच, हमासने यादीचं नावसुद्धा 'बदल आणि सुधारणा' ठेवलं होतं.

रात्रपाळी
निकालानंतरची गोष्ट पैशाची आहे. मार्चमधे इस्माईल हनिये पंतप्रधान झाले. अमेरिका, युरोपियन युनियन, रशिया आणि यूएन यांनी तीन अटी घातल्या, इस्रायलला मान्यता द्या, हिंसा सोडा, जुने करार पाळा. हमासने नाही म्हटलं, मदत थांबली. त्यात पॅलेस्टाईनची जकात आणि कर इस्रायल गोळा करून महिन्याला ५-६ कोटी डॉलर हातात द्यायचा, तेही अडवले. दीड लाखावर सरकारी नोकर, शिक्षक नर्स पोलीस सगळे, पगाराविना. सप्टेंबरात शिक्षक संपावर गेले. बँका अमेरिकेच्या भीतीने पैसे पाठवेनात, म्हणून परराष्ट्रमंत्री महमूद अल-झहार जूनमधे रफाहून (गाझा-इजिप्त सीमेवरचं फाटक) चक्क सुटकेसमधे २ कोटी डॉलर घेऊन आले. डिसेंबरात हनिये साडेतीन कोटी घेऊन यायला निघाले तर इस्रायलने तिथेच सीमेवर अडवलं, शेवटी पैसे पलीकडे ठेवून आत यावं लागलं. पंतप्रधान बॅगेतून पगार आणतोय, कसलं सरकार हे!

जुना_ग्लोब
पैशाचं खरं, पण युद्ध विसरू नका राव. २५ जून २००६ ला हमास आणि साथीदार भुयारातून केरेम शालोम या इस्रायलच्या सीमानाक्याजवळ बाहेर आले, दोन इस्रायली सैनिक मारले आणि गिलाद शालित या सैनिकाला पकडून नेलं (तो सुटला २०११ ला, १०२७ कैद्यांच्या बदल्यात). तीन दिवसांत इस्रायलने गाझाच्या एकमेव वीज केंद्राचे सहाच्या सहा ट्रान्सफॉर्मर उडवले. वीज गेली म्हणजे पाण्याचे पंप गेले, ऐन उन्हाळ्यात. लगेच वेस्ट बँकमधून (पॅलेस्टाईनचा गाझापासून तुटलेला दुसरा भाग) हमासचे मंत्री आणि खासदार उचलले, मग संसदेचा कोरम भरणार कुठून? १२ जुलैला लेबनॉनच्या हिजबुल्ला संघटनेशी इस्रायलचं युद्ध सुरू झालं, कॅमेरे लेबनॉनकडे वळले, गाझात चालूच. ८ नोव्हेंबरला बेत हानूनमधे घरांवर तोफगोळे पडून १९ माणसं गेली, इस्रायलने तांत्रिक बिघाड म्हटलं. बेतसेलेम या इस्रायली संस्थेच्या हिशोबाने त्या वर्षी इस्रायली सैन्याने ६६० पॅलेस्टिनी मारले, पॅलेस्टिनींकडून २३ इस्रायली मेले. गाझातून स्देरोत या इस्रायली गावावर रॉकेटंही सुटत होती, तेही लिहायलाच हवं.

उंबरठा
मग या सगळ्यात अब्बास काय करत होते?

शिक्का_मारा
खरी मेख तिथेच. फतहचे महमूद अब्बास २००५ ला थेट निवडून आलेले पॅलेस्टाईनचे अध्यक्ष, पोलीस आणि सुरक्षा दलं बहुतेक फतहची. म्हणजे खुर्ची हमासकडे, बंदुका अध्यक्षांकडे. हमासचे गृहमंत्री सईद सियाम यांनी स्वतःचं वेगळं दल उभं केलं, अब्बास म्हणाले बेकायदा, तरी मे महिन्यात ते गाझाच्या रस्त्यावर उतरलंच. डिसेंबरात अब्बासनी मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली आणि गोळीबार सुरू झाला. फेब्रुवारी २००७ ला मक्केत हमास आणि फतहचा समझोता, मार्चमधे एकत्र सरकार, जूनमधे पाच-सहा दिवसांच्या लढाईत हमासने गाझा घेतला, सगळं खलास. दोन्ही बाजूंनी माणसं उंच इमारतींवरून खाली फेकली. अब्बासनी हनियेंना काढून सलाम फय्याद यांना नेमलं, तेव्हापासून वेस्ट बँक वेगळा, गाझा वेगळा. संसदेची निवडणूक परत झालीच नाही, २०२१ ची अब्बासनी पुढे ढकलली. गाझात जवळपास निम्मी जनता १८ च्या आतली आहे, त्यांनी कोणाला कधी निवडून दिलं?

रात्रपाळी
+१. पण हमासनेही स्वतःच्या राज्यात गाझात संसदेची निवडणूक घेतली नाही, सगळं अब्बासवर ढकलू नका.

उंबरठा
धन्यवाद सगळ्यांना. एक राहिलं, रफा तर इजिप्तची सीमा ना, तिथे इस्रायलला काय अधिकार?

जुना_ग्लोब
इस्रायलने गाझातून सैन्य काढल्यावर नोव्हेंबर २००५ ला करार झाला, रफावर युरोपियन निरीक्षक हजर असतील तरच फाटक उघडायचं. निरीक्षक राहायचे इस्रायलमधल्या अश्कलोनला आणि यायचे केरेम शालोमवरून. तो रस्ता इस्रायलने बंद केला की निरीक्षक अडकले, फाटक बंद. शालितनंतर तर बहुतेक दिवस बंदच असायचं.