'काँपिटन्सी टेस्ट'ला मराठीत काय म्हणाल?

लेखणीबंद: अमेरिकेतल्या 'डेब्रा पी. विरुद्ध टर्लिंग्टन' खटल्यावरचा (विद्यार्थी विरुद्ध राज्याचं शिक्षणखातं) लेख मराठीत करतेय. फ्लोरिडात १९७८ च्या कायद्याने ठरलं की सगळे विषय सुटले तरी हायस्कूलचा डिप्लोमा हवा तर वेगळी 'काँपिटन्सी टेस्ट' पास व्हायची. 'पात्रता परीक्षा' चालेल?

तळटीप: नको. 'शिक्षक पात्रता परीक्षे'सारखी पात्रता लागते ती आत शिरताना, इथे पोरांना बाहेर पडताना अडवलंय. 'किमान क्षमता चाचणी' लिहा. आणि डिप्लोमाचं 'पदविका' करू नका, लोकांना पॉलिटेक्निक आठवेल.

लेखणीबंद: मग नापासांना मिळायचं ते 'सर्टिफिकेट ऑफ कंप्लीशन'?

तळटीप: शाळा पूर्ण केल्याचा दाखला. नोकरीत त्याला कोण विचारतो ते आपल्याला माहीत आहेच.

चावडीवाला: कोर्टाने डिप्लोमाला 'प्रॉपर्टी' म्हटलं म्हणे! हे काय, सातबारा आहे का?

वकीलीबिकीली: अमेरिकेची चौदावी घटनादुरुस्ती. रीतसर प्रक्रियेशिवाय मालमत्ता हिरावता येत नाही. हजेरी भरली, विषय सुटले, तर डिप्लोमा मिळणार ही रास्त अपेक्षाच मालमत्तेत धरली. 'मालमत्ता-हित' म्हणा, नुसतं 'मालमत्ता' नको.
खरी गोम 'करिक्युलर व्हॅलिडिटी'त आहे. 'अभ्यासक्रमीय वैधता' हा शब्द कोशात शोभेल, पण वाचकाला कळणार नाही. आपल्याकडे पोरं दोन वेगळ्या तक्रारी करतात: 'सिलॅबसबाहेरचा आला' आणि 'पोर्शनच झाला नाही'. १९८१ मध्ये अपील कोर्टाने विचारलं ते दुसरं: वर्गात हे खरंच शिकवलं होतं का, ते सरकारने दाखवावं. पहिल्या खेपेला ७८ टक्के कृष्णवर्णीय आणि २५ टक्के गोरी मुलं नापास झाली होती. त्यातल्या कृष्णवर्णीय मुलांची सुरुवातीची वर्षं वेगळ्या, दुय्यम शाळांत गेलेली. म्हणून १९८२-८३ पर्यंत डिप्लोमा अडवायला मनाई झाली.

चावडीवाला: म्हणजे पोरं जिंकली?

वकीलीबिकीली: तेवढ्यापुरती. पुढे सरकारने शिक्षक-विद्यार्थ्यांची पाहणी करून पोर्शन झाल्याचं पटवलं, आणि १९८४ मध्ये अपिलातही चाचणी टिकली.

लेखणीबंद: मग 'करिक्युलर व्हॅलिडिटी'ला 'अध्यापन-आधार' लिहिते आणि पहिल्या वापरालाच कंसात 'पोर्शन झाला का' असं टाकते. संपादकांनी कापलं तर इथेच येऊन भांडेन.