छंदातली (गझल, फोटो, स्वैपाक, कशातलीही) चूक कुणी नीट दाखवून दिली असेल तर इथं सांगा

दुधनाकाठ
काल रात्री बसमतच्या एका पोराची गझल आली व्हॉट्सअ‍ॅपवर, 'सर बघून सांगा'. जेवता जेवता 'वा, छान' टाईप केलं आणि पाठवायच्या आधी बोट थांबलं. २०११ साली मलाबी सगळ्यांनी नुसतं छान म्हणून सोडलं असतं तं मी अजून चुकतच लिहीत बसलो असतो.

तेव्हा फेसबुक नवीन होतं, आजीला जाऊन महिना झालेला. गझल टाकली होती भुजंगप्रयात वृत्तात, म्हणजे लगागा (एक लघु, दोन गुरू) चारदा, लघुची एक आणि गुरूच्या दोन धरून २० मात्रा. मतला, म्हणजे पहिला शेर, असा होता:

तुझ्या अंगणाचीच ही वाट आहे
नदीच्या उरी कोणती लाट आहे

आणि तिसऱ्या शेरात 'म्हणाली मला सर्व काही नीट आहे'. लाईक भरपूर आले. मग परभणीच्या एका काकांचा इनबॉक्समधी मेसेज आला, ओळख ना पाळख. 'मतला दोनदा वाचला, आवडला. तिसऱ्या शेरात दोन मात्रा जास्त होतायत, बोटावर मोजून बघा. आणि वाट, लाट यांत ट च्या आधी आ आहे, तिथं नीट आलं की अलामत, म्हणजे यमकातला ठरलेला स्वर, मोडली.' लई राग आला. आजीवर लिहिलंय आणि हे मात्रा मोजायलेत! चार दिवस उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनीच विचारलं, 'आजी हे बोलल्या तेव्हा कुठं बसल्या होत्या?'

ओसरीत, सुंभाच्या बाजेवर, एका बाजूनं लोंबायची ती. आम्ही घरी बाजच म्हणायचो, पण शेरात खाट बसली. 'अजूनी तिथे मोडकी खाट आहे'. मात्रा बरोबर, अलामत बरोबर, आणि तोवर आजी त्या गझलेत नव्हतीच ती आली. ओळ काकांनी दिली नाही, नुसतं विचारलं. तुमचं सांगा.

मांजराकाठची
वाचून डोळे भरले दादा. खाटेची ओळ तीनदा वाचली. पोळ्या लाटायल्या आहेत, नंतर लिहिते

पाणपक्षी
नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, दर हिवाळ्यात जातो मी, पैठणच्या बाजूनं. पहिल्या वर्षी उडत्या रोहित पक्ष्यांचे शंभरेक फोटो काढले, सगळे पुसट. ग्रुपवर टाकले तं एकानं विचारलं शटर स्पीड किती होता, म्हणलं १/२०० सेकंद. तो म्हणला उडता पक्षी असेल तं १/१०००च्या खाली येऊ नका, उजेड कमी पडला तं आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची सेटिंग) वाढवा, आणि पाणी तिरपं दिसायलंय ते सरळ करा. झालं, एवढंच. पुढच्या रविवारी फरक दिसला.

पण खरी गोष्ट दुसरीच आहे. टिटवीची अंडी दिसली म्हणून फोटो टाकला, खाली जागा पण लिहिली. एका ताईंचा लगेच फोन आला. फोटोबद्दल एक शब्द नाही. म्हणल्या दादा, टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, लोक बघायला गेले की ती उठते आणि उन्हात अंडी भाजतात, फोटो काढून टाकता का. मी तिथंच काढून टाकला. त्यांनी हेच ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं असतं तं मी वाद घातला असता, हे मला माहीत आहे. आणि वाद मिटेपर्यंत चार गाड्या तिथं पोचल्या असत्या.

शहागंज
दुधनाकाठ भाई, उर्दूत याला इस्लाह म्हणतात. शागिर्दानं गझल न्यायची, उस्तादानं दुरुस्त करायची. वली दखनी आणि सिराज औरंगाबादी या शायरांच्या गावचे आहोत आपण, आपल्याकडं चूक दाखवणं हा अपमान कधीच नव्हता. माझे अब्बा म्हणायचे उस्तादानं लाल शाई लावली नाही तर समजायचं त्यानं वाचलंच नाही.

कोरडवाहू
मी उलटा अनुभव लिहितो, कारण चूक माझी आहे. एका बाईंनी वेरूळच्या कैलासचा फोटो टाकला होता, १६ नंबरचं लेणं. वरचा कळस कापलेला, खालचे हत्ती अर्धे. मी लिहिलं 'आधी कॅमेरा धरायला शिका'. त्यावर पंधरा जण हसले. त्या परत कधी दिसल्या नाहीत ग्रुपवर. कैलास वरून खाली कोरत आणलंय, बाजूच्या डोंगरावर चढून वरून बघितलं की सगळं एका फोटोत बसतं, हे सांगायला मला एक मिनिट लागलं असतं. मला माहीत होतं ते आणि मी सांगितलं नाही. सहा वर्षं झाली. त्यांचा नंबर नाही माझ्याकडं.

पाणपक्षी
@कोरडवाहू जुन्या मेंबरांना विचारून बघा ना, कुणाकडं असेल नंबर

मांजराकाठची
आले. माझं स्वैपाकाचं आहे, चालेल ना? येसराच्या (भाजलेल्या गहू-डाळीच्या पिठाच्या) आमटीचा व्हिडिओ टाकला होता, गुठळ्या दिसायल्या होत्या. एकीनं लिहिलं 'हे काय पिठलं आहे का'. दिवसभर जेवण गेलं नाही. संध्याकाळी उदगीरच्या एका मावशींनी लिहिलं, 'बाळा रंग झकास आलाय. येसर उकळत्यात टाकू नको, आधी वाटीत गार पाण्यात कालव, मग ओत, आणि ढवळणं थांबवू नको.' दोघींना एकच गुठळी दिसली होती बघा. मी अजून वाटीत येसर कालवताना त्या मावशींचं नाव घेते.

गोदातीर
येसरात गहू किती हरभरा डाळ किती घेता ताई? आमच्या सासूबाई बाजरी पण घालतात

मांजराकाठची
@गोदातीर मी डाळीच्या दुप्पट गहू, थोडी ज्वारी. खमंग भाजायचं पण काळं होऊ द्यायचं नाही. बाजरी घालून बघते

शहागंज
भूक लागली राव

दुधनाकाठ
@कोरडवाहू भाऊ, वरून कोरलंय ते तुम्ही इथं लिहिलं तसंच त्या ग्रुपवर पण लिहा. वाचतील त्या, नाव बदलून का होईना असतील कुठंतरी.

आणि त्या पोराला रात्रीच लिहिलं. दुसरा शेर दोनदा वाचला, आवडला म्हणलं, चौथ्यात एक मात्रा कमी पडायली, आणि विचारलं की विहिरीचं लिहिलंस त्या विहिरीला पाणी किती होतं तेव्हा. आत्ता उत्तर आलंय, 'सर तूर काढायला रानात आलोय, विहिरीवरच बसलोय, बघून सांगतो'.