'लेगसी' सॉफ्टवेअरला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न :

एका तांत्रिक पुस्तिकेचा मराठी अनुवाद करते आहे. जुने गणिती प्रोग्राम ग्रिडवर, म्हणजे अनेक संस्थांचे संगणक जोडून केलेल्या सामायिक व्यवस्थेवर, सेवा म्हणून कसे उपलब्ध करून द्यायचे, हा तिचा विषय. पहिल्याच वाक्यात अडले. 'लेगसी' साठी कोशात 'वारसा' मिळतो, पण 'वारसा सॉफ्टवेअर' म्हटलं की जपून ठेवलेल्या वास्तू डोळ्यांसमोर येतात. 'कालबाह्य' लिहावं तर ते खरं वाटत नाही. पुढे 'ग्रिड' आणि 'रॅपर' (जुन्या प्रोग्रामभोवती बसवलेला मधला प्रोग्राम) आहेतच. काय करावं?

उत्तर :

'कालबाह्य' नकोच. काळाबाहेर गेलेली वस्तू ग्रिडवर नेण्याचे कष्ट कोण घेईल? फोरट्रान ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा १९५७ साली आली. हवामान, रेणूंची रचना, बांधकामावरचा भार अशी गणितं करणारे तिच्यातले कितीतरी प्रोग्राम आजही वापरात आहेत. त्यांची उत्तरं वर्षानुवर्षं पडताळून झालेली असतात, म्हणून लोक त्यांच्यावर विसंबतात. अडचण वेगळीच असते. लिहिणारे निघून गेलेले, कागदपत्रं अपुरी, आणि कधी तर सोर्स कोडही (माणसाने लिहिलेला मूळ मजकूर) हाती नाही, नुसती चालणारी फाइल. म्हणजे आपल्या शब्दात दोन गोष्टी यायला हव्यात : हे मागच्यांकडून आलं आहे, आणि हे अजून कामाचं आहे. 'जुनाट' मध्ये दुसरी गोष्ट मरते.

'लेगसी' च्या मुळाशी मृत्युपत्राने मागे ठेवणं हा अर्थ असलेलं लॅटिन क्रियापद आहे. देणारा गेला, वस्तू राहिली. आपला 'वारसा' अरबी 'वारिस' शी नातं सांगतो, आणि 'मिरास' ही त्याच धातूतून आलेली. पण मिराशीत हक्काचा भाव इतका ठाशीव आहे की तो शब्द इथे ओढून आणल्यासारखा वाटेल.

माझा कौल 'चालत आलेला प्रोग्राम' याला. चालत आलेली रीत, चालत आलेला व्यवसाय असं आपण म्हणतोच. आणि प्रोग्राम तर मराठीत 'चालतो'. मागून आलेला आणि आजही चालणारा, हे दोन्ही अर्थ ओढाताण न करता एकाच क्रियापदात येतात. मला तरी यापेक्षा नेमका शब्द सापडलेला नाही.

'ग्रिड' तसंच ठेवा. 'जाळं' म्हटलं की नेटवर्क, 'जाल' म्हटलं की वेब. दोन्ही जागा भरल्या आहेत. शिवाय ही संज्ञा विजेच्या ग्रिडवरूनच घेतली गेली. इयन फॉस्टर आणि कार्ल केसलमन यांनी १९९० च्या दशकात ती रुजवली. बटण दाबलं की वीज मिळते, कुठल्या केंद्रातून आली हे विचारावं लागत नाही. संगणनशक्तीही तशीच मिळावी, ही त्यामागची कल्पना. विजेचं ग्रिड मराठी वाचकाला बातम्यांतून ओळखीचं आहे, तेव्हा रूपक आपोआप पोचतं. फक्त एकदा स्पष्ट करा की ग्रिडमधली यंत्रं वेगवेगळ्या संस्थांच्या मालकीची असतात आणि ठरलेल्या नियमांनी वाटून वापरली जातात. युरोपातल्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या कण-टकरींची माहिती अनेक देशांतली संगणक केंद्रं मिळून हाताळतात, ती याच पद्धतीने.

'रॅपर' साठी 'गवसणी' सुचवतो. वाद्याच्या मापाने शिवलेली, आतल्या वाद्याला धक्का न लावणारी.

दुसरं उत्तर :

'चालत आलेला' मान्य, मनापासून. 'गवसणी' मात्र पटत नाही. गवसणी काढल्याशिवाय वाद्य वाजत नाही, आणि रॅपर काढला तर सेवाच उरत नाही. त्यापेक्षा 'खोळ' बरी, ती घातलेली असतानाच उशी वापरतात.

पण मला खोळही अपुरी वाटते, कारण रॅपर काम करतो. बाहेरून मागणी येते, तो मागणाऱ्याच्या ओळखीचं डिजिटल प्रमाणपत्र तपासतो, इनपुट फाइल प्रोग्रामला हवी तशी मांडतो, काम रांगेत लावतो, निकाल परत पोचवतो. बाहेरच्यांची भाषा एक, आतल्याची दुसरी. हा तर दुभाषी! वेस्टमिन्स्टर विद्यापीठातल्या 'जेम्लका' या प्रकल्पात मूळ कोडला हातही लावत नसत. प्रोग्राम कुठे आहे, त्याला कोणती मूल्यं कोणत्या क्रमाने लागतात, फाइली कोणत्या, हे एका एक्सएमएल फाइलमध्ये (माहिती ठरावीक खुणांनी मांडलेल्या फाइलमध्ये) लिहायचं. बाकी हा मधला दुभाषी पाहून घेई.

आणखी एक. जुना प्रोग्राम बहुतेकदा एका वेळी एकाच माणसाने वापरावा असा लिहिलेला असतो. निकालाच्या फाइलचं नाव कोडमध्येच ठोकून बसवलेलं. दोघांनी एकाच वेळी चालवला की एकाचा निकाल दुसऱ्यावर लिहिला जातो. म्हणून प्रत्येक मागणीला स्वतंत्र फोल्डर द्यावा लागतो. मध्येच थांबून कीबोर्डवरून उत्तर मागणारे प्रोग्रामही असतात. ग्रिडवर समोर कुणी बसलेलं नसतं, ती उत्तरं आधीच फाइलमध्ये भरून द्यावी लागतात. 'रॅपर' चा शब्दशः अर्थ 'वेष्टन', पण हे सगळं त्या शब्दात मावत नाही. पुस्तिकेत 'वेष्टन' लिहिलंत तर वाचकाला वाटेल, कागद गुंडाळला की झालं.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून :

गवसणी मागे घेतो. दुभाषी पटला, पण 'दुभाषी प्रोग्राम' असं लिहा. नुसतं 'दुभाषी' म्हटलं की माणूस वाटेल.

'सेवा' बद्दल राहिलंच. शब्द हाच ठेवा, मात्र 'सेवेत रुजू करणे' टाळा. प्रोग्रामला नोकरी लागल्यासारखं वाटतं. 'सेवारूप देणे' सरळ आहे. 'रूपांतर' मात्र नको. रूपांतर म्हटलं की कोड पुन्हा लिहिला असा समज होतो, आणि इथे सारी धडपड तो पुन्हा लिहावा लागू नये म्हणूनच आहे.

प्रश्नकर्तीकडून :

दोघांचे आभार. पहिलं वाक्य आता असं झालं आहे : 'चालत आलेल्या प्रोग्रामचा मूळ कोड न बदलता, त्याला दुभाषी प्रोग्राम जोडून, ग्रिडवर सेवारूप कसं द्यावं, हे या पुस्तिकेत सांगितलं आहे.' 'जोडून' ऐवजी 'पुढे ठेवून' असं एकदा लिहून पाहिलं. मागणी आधी त्याच्याकडे जाते, म्हणून. आता 'पुढे ठेवून' हेच ठेवते आहे.