कासारवडवली ते ऐरोली रोजचं जाणं-येणं: नवी गाडी की सेकंडहँड?

घोडबंदरकर:
घर कासारवडवलीला, ऑफिस ऐरोलीला. शिवाय बाबांना आता रिक्षा-बसची चढउतार झेपत नाही, म्हणून गाडी घ्यायचं नक्की केलंय. हाताशी अडीच लाख आहेत. छोटी पेट्रोल हॅचबॅक नवी घेतली तर ऑनरोड साडेसात, म्हणजे पाच लाख कर्ज. तेच मॉडेल २०२२ चं साडेचारला मिळतंय. बायको म्हणते नवीच घ्या. मला पैसे वाचवायचेत. स्पष्ट बोला.

नेरूळकर:
जुनी घ्या. पाच लाख, ९ टक्के, पाच वर्षं म्हटलं की हप्ता जवळपास १०,४००, आणि नुसतं व्याज सव्वा लाखाच्या घरात. शोरूम किंमत साडेसहा लाख धरा, ११ टक्क्यांनी रोड टॅक्स झाला ७१,५००. एमएच ०४ किंवा ४३ ची, म्हणजे ठाणे किंवा नवी मुंबईत नोंदलेली जुनी घेतलीत तर हा टॅक्स पहिल्या मालकाने भरून टाकलेला असतो, तुम्हाला परत भरावा लागत नाही. विमावालेसुद्धा दोन ते तीन वर्षांच्या गाडीची किंमत ३० टक्के घसारा धरून लावतात. तो घसारा दुसऱ्याने सोसलाय, तुम्ही कशाला सोसता?

वाशीकर:
नाही पटत. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुनी विकणारे मात्र स्वतः मोजलेल्या जुन्या किमतीवरूनच आकडा सांगतात. वर त्या गाडीचे टायर आणि बॅटरी लवकरच बदलायला येणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी २०२२ ची आहे. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालतील अशा गाड्या एप्रिल २०२३ पासून सक्तीने बनायला लागल्या. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत रबरी नळ्या, गास्केट लवकर बदलावे लागू शकतात. पंपावर आता दुसरं पेट्रोल मिळतं कुठे? वडिलांना घेऊन गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडली तर वाचलेले पैसे काय कामाचे?

नेरूळकर:
ई२० चा मुद्दा मान्य, मग २०२३ च्या मध्यानंतरची शोधा. पण कर्जाचं बघा. जुनीला दोनच लाख लागतील. दर १३ टक्के लावला तरी तीन वर्षांत व्याज ४३ हजारांच्या आसपास जातं. सव्वा लाख कुठे आणि हे कुठे!

कळव्याची:
दादा, जुनी घ्या किंवा नवी, पण जुनी बघायला गेलात तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आमच्या दिरांनी एका डीलरकडून गाडी घेतली, आतून चकाचक, अत्तराचा वास. पहिल्याच पावसात कार्पेटखालून कुबट वास यायला लागला. मेकॅनिकने बेल्ट ओढला तर रोजच्या वापरात गुंडाळलेला राहतो त्या टोकाला चिखलाची वाळलेली रेघ. गाडी पुरात बुडालेली होती. स्टेपनी काढून तिच्याखालचा पत्राही बघा, तिथे गाळ आणि गंज लपत नाही.
आणि कागद. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५, गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. ई-चलनं बाकी आहेत का ते पैसे देण्याआधी बघा. विमा १४ दिवसांत नावावर करायला अर्ज करा. त्या विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, तो विकणाऱ्याकडेच राहतो. कोणी तो दाखवून किंमत वाढवत असेल तर ऐकू नका.

वाशीकर:
ताई, मी हेच म्हणतोय. एवढं सगळं तपासून देणारा विश्वासू मेकॅनिक किती जणांच्या ओळखीत असतो? नवीला वॉरंटी असते, हा व्याप नाही.

खारघरचा:
किती वर्षं वापरणार तेवढं ठरवा. दहा वर्षं ठेवणार असाल तर नवी परवडते, सुरुवातीचा घसारा वर्षांवर पसरतो. चार-पाच वर्षांत बदलायची असेल तर नवी घेणं म्हणजे निव्वळ नुकसान.

घोडबंदरकर:
चार-पाच वर्षंच. मुलगी दहावीला आली की मोठी गाडी घेऊ. म्हणजे जुनीच. २०२३ च्या उत्तरार्धातली, पहिल्या मालकाची, सर्व्हिसच्या नोंदी असलेली बघतो, पाचपर्यंत.

वाशीकर:
पाचपर्यंत गेलात तर फरक अडीच लाखांवर आला. माझं मत अजूनही नवीच. तरी जाणारच असाल तर आधी शोरूममधून नव्या गाडीचं कोटेशन घ्या आणि ते हातात ठेवूनच जुनीच्या मालकाशी बोला. जीएसटी कमी झाल्यानंतरचा आकडा समोर दिसला की तो पाचावर अडून बसणार नाही.