मदत हवी आहे: मोठ्या आतड्यासाठीची कॅप्सूल आम्लातच गळते

धागाकर्ता: ० नंबरची जिलेटिन कॅप्सूल, भरून साधारण ४०० मिग्रॅ. वर युड्रॅजिट एस १०० चा लेप (आम्लात न विरघळणारं पॉलिमर): आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि अ‍ॅसिटोनमध्ये, लेप लवचीक ठेवायला ट्रायइथाइल सायट्रेट पॉलिमरच्या १० टक्के. चिमट्यात धरून आधी एक अर्धा भाग बुडवायचा, वाळला की दुसरा. असे तीन हात (थर). ०.१ नॉर्मल एचसीएलमध्ये (जठरासारख्या आम्लात) चाळिसाव्या मिनिटाला टोपीच्या सांध्यातून आतला रंग बाहेर येतो. लॅब अंधेरीत, एसी दुपारी बंद असतो. चौथा हात देऊ का?

लेपकर: नको, आधी सांधा बघा. अर्धं-अर्धं बुडवताना दोन लेपांची जोड नेमकी सांध्यावरच येते, आणि आतली हवाही तिथूनच बुडबुडा काढते. लेपाआधी सांध्यावर जिलेटिनच्या द्रावाची सील करणारी पट्टी फिरवा, दोनदा, आणि पूर्ण वाळू द्या. शिवाय जिलेटिनच्या कवचात १३ ते १६ टक्के पाणी असतं. सॉल्व्हंट ते ओढून घेतं, कवच आकसतं, गुळगुळीत पृष्ठभागावरून लेप सुटतो. एचपीएमसी (सेल्युलोजपासून केलेल्या) कवचात पाणी कमी आणि लेपाची पकड चांगली. पट्टीही मग एचपीएमसीचीच लावा.

आणि जुलैत एसीशिवाय लेप देणं म्हणजे हौसच! अ‍ॅसिटोन उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते, पॉलिमर फाटल्यासारखा बाहेर पडतो. तिरप्या उजेडात दुधाळ दिसलं तर तो लेप सच्छिद्र आहे, कितीही जाड करा.

पॅनवाला: जाडी 'हातांत' मोजू नका. ० नंबरचा पृष्ठभाग सुमारे ५.२ चौ. सेंमी. चौ. सेंमीला ६ मिग्रॅ पॉलिमर धरलं तर ३१ मिग्रॅ, सायट्रेटचे ३ वेगळे. प्रत्येक कॅप्सूल आधी आणि नंतर तोला.

लेपकर: विरघळण्याची चाचणी बास्केटमध्ये (फिरत्या जाळीच्या टोपलीत) घ्या. पॅडलसोबतच्या (ढवळणाऱ्या पात्याच्या) पद्धतीत कॅप्सूल बुडवून ठेवणाऱ्या सिंकरची तार लेप खरवडते, आणि दोष लेपाला लागतो. दोन तास आम्ल, मग पीएच ६.८, शेवटी ७.४ चं फॉस्फेट बफर. आम्लात १० टक्क्यांहून जास्त औषध सुटलं तर नापास.

पॅनवाला: गळती थांबली तरी एक अडचण उरते. एस १०० उघडतं पीएच ७ च्या वर. लहान आतड्याच्या शेवटी तेवढा पीएच मिळतो, पण पुढे सीकममध्ये (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला) तो पुन्हा ६ च्या आसपास घसरतो. तिथवर उघडली नाही तर कॅप्सूल अख्खी बाहेर! थोडं एल १०० (युड्रॅजिटचाच दुसरा प्रकार) मिसळून बघा, ते पीएच ६ च्या वर विरघळतं.

धागाकर्ता: एचपीएमसीची रिकामी कवचं थोडीच हवीत. प्रिन्सेस स्ट्रीटला (मुंबईतल्या औषध-रसायनांच्या बाजारात) मिळतील?

लेपकर: विचारा, पण सुटी उघडी पिशवी घेऊ नका. सीलबंद आणि बॅचच्या ओलाव्याचा आकडा असलेलीच घ्या. त्यापेक्षा उत्पादकाकडे नमुने मागणं बरं.